पांढरफुली, गुलाबफुली

आमच्या घरी झाडाचं नुसतं नाव घेतलेलं आईला खपत नसे. "कोरांटीला पाणी घातलं" असं म्हटलं की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "कोणत्या?" कारण कोरांट्या तीन होत्या. पिवळफुलीला जास्त पाणी सोसत नसे, निळफुलीला रोज लागायचं, आणि पांढरफुली आईच्या मते लाडावलेली होती, तिला जरा उपाशी ठेवलं तरच फुलायची. गोकर्णीचे वेल दोन, निळफुली आणि पांढरफुली. कण्हेरी लालफुली, पिवळफुली आणि पांढरफुली. तेरड्यांचा तर मेळाच असायचा, लालफुल्या, जांभळफुल्या, गुलाबफुल्या, पांढरफुल्या, आणि एक मधलाच, ज्याला आई "नाव नसलेला" म्हणायची. गंमत म्हणजे झाडावर एकही फूल नसलं तरी ही नावं तशीच राहायची. वीतभर रोप, वर चार पानं, आणि आई ठामपणे सांगणार, "ही गुलाबफुली." कशावरून, असं विचारलं तर म्हणायची, "मीच तर बी टाकलं, मला नाही ठाऊक तर कोणाला?" पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि मुलींच्या शाळेत जन्मभर तेच शिकवलं. तेव्हा पुस्तकांत श्वेतपुष्पी, पीतपुष्पी, नीलपुष्पी असे भारदस्त शब्द भेटले आणि मला हसूच आलं. ही आईचीच नावं होती, इस्त्री करून आलेली. आता इथल्या मदन महल भागातल्या नर्सरीवाल्याकडे गेले की तो प्रत्येक कुंडीवर इंग्रजी चिठ्ठी चिकटवून बसलेला असतो आणि फूल कोणत्या रंगाचं येणार हे विचारलं तर म्हणतो, "आंटी, आने दो, तब देख लेना." माझी आई असती तर तिथेच त्याची शिकवणी घेतली असती.

आमचं क्वार्टर फॅक्टरीच्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यापुढे आईचे वाफे, मागे न्हाणी आणि कोळशाची कोठी. त्या ओळीत वर्धा, अमरावती, नागपूरकडची आठ-दहा मराठी घरं होती, बाकी सगळा हिंदी मुलूख. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भांडणात दोन्ही, असा आमचा कारभार होता. आमच्या दिवसाला घड्याळ लागत नसे, फॅक्टरीचा भोंगा पुरायचा. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला बाबा सायकल ओट्याखाली उतरवायचे, आणि तिसरा झाला की रस्त्यावरून सायकलींच्या घंट्यांचा एक लोंढा जाऊन सगळं कसं शांत व्हायचं. दुपारी लांब रेंजवर तोफांची चाचणी सुरू झाली की मांडणीतली ताटं वाजायची. आई पोळ्या लाटता लाटता एक हात वर नेऊन ताटांवर ठेवायची आणि त्यांना गप्प करायची. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना हे करावं लागतं.

बाबा रंगाच्या सेक्शनमध्ये होते. तयार झालेल्या तोफगोळ्यांवर रंगाचा पट्टा ओढायचा, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण गोळा फिरत्या चाकावर ठेवायचा आणि ब्रश न हलवता, एका दमात, पट्ट्याची दोन्ही टोकं जुळवायची, हे दहा माणसांत एखाद्यालाच जमायचं. बाबांचा हात थरथरत नसे. दर दिवाळीला ते आमच्या ओट्याला गेरूचा पट्टा ओढायचे, दोरी नाही, फूटपट्टी नाही, आणि शेजारपाजारच्या बायका "भाऊजी, आमच्या बी ओट्याला करून द्या ना" म्हणून मागे लागायच्या. त्या हाताचा बाबांना अभिमान होता. माणूस अबोल, पण कुणी पट्ट्याचं कौतुक केलं की मिशीत हसायचे आणि मग दिवसभर उगाचच गुणगुणत फिरायचे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी लढाई सुरू झाली आणि फॅक्टरी दिवसरात्र चालू लागली. आठ तासांच्या पाळ्या बारा तासांच्या झाल्या. खिडक्यांच्या काचांना आम्ही खळीने काळा कागद चिकटवला. आणि नेमकी आई घरात नव्हती. मावशीच्या बाळंतपणासाठी ती माझ्या भावाला घेऊन अमरावतीला गेली होती, पंधरा दिवसांत येते म्हणून. पण गाड्या फौजेच्या सामानाने भरून जाऊ लागल्या, तिकिटं मिळेनात, आणि तिचं पत्र आलं की गाड्या सुरळीत झाल्यावरच येईन. पत्रातल्या अर्ध्या ओळी झाडांच्या होत्या. कोणत्या फुलीला किती पाणी, कोणाचं बी कधी धरायचं. आमच्या पोटात काय जातंय याची चौकशी शेवटच्या ओळीत होती. पोटात काय जाणार? मी तेरा वर्षांची होते आणि मला पिठलं, भात आणि वांग्याची भाजी एवढंच यायचं, त्यातली वांग्याची भाजी मला वाटायची की येते. बाबा निमूट जेवायचे. एकदा पिठल्यात मीठ दोनदा पडलं तर म्हणाले, "छान झालं, भाकरीसोबत कमी पुरते." माझ्या आयुष्यात स्वयंपाकाला मिळालेली ती सगळ्यात प्रेमळ दाद आहे असं मी आजही मानते.

आमच्या ओळीत शेवटच्या क्वार्टरमध्ये देशकर काकू राहायच्या. काका फॅक्टरीतच होते. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रभाकरदादा फौजेत तोफखान्यात होता आणि लढाई सुरू झाल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. काकूंनी महादेवाला पांढऱ्या फुलांची लाखोली बोलली. लाखोली म्हणजे एकाच प्रकारची लाख फुलं देवाला वाहायची. त्या दिवसांत एका जातीची एवढी फुलं मिळणं कठीण, म्हणून काकूंनी ठरवलं की जात कोणतीही चालेल, पण फूल पांढरंच हवं. एक जरी दुसऱ्या रंगाचं गेलं तर लाखोली पहिल्यापासून. हा नियम त्यांना कोणी सांगितला होता कोण जाणे, पण त्या त्यावर अडून होत्या, आणि ज्या बाईचा मुलगा तोफेपाशी उभा आहे तिच्याशी नियमांवरून वाद कोण घालणार? सगळ्या ओळीतून काकूंकडे पांढरी फुलं जाऊ लागली. आमच्याकडे पांढरफुल्या तेरड्याचा अख्खा वाफा बहरला होता. मला सकाळी चुलीपुढून उठायला वेळ मिळायचा नाही म्हणून फुलं बाबाच तोडायचे आणि भोंग्याच्या आधी टोपली काकूंच्या ओट्यावर ठेवून यायचे.

एका रविवारी बाबांना सुट्टी होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. चांगलं उजाडलं होतं. काकूंनी टोपली सुपात ओतली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. सुपात पांढरा तेरडा होता आणि जवळजवळ तेवढाच फिका गुलाबी. आईच्या पांढरफुल्याला लागूनच गुलाबफुल्याचा वाफा होता.

"बाप्पा! हे काय आणून राहिले भाऊजी?" काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "अशा गोष्टीत थट्टा काहून करता?"

बाबांनी सुपाकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. "थट्टा नाही वहिनी," ते म्हणाले. "पांढरीच तर आहेत."

ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला ते स्वच्छ दिसलं. सुपात काय चुकलंय हे त्यांना खरोखरच दिसत नव्हतं. आणि कोणी काही बोलायच्या आत मीच बोलून मोकळी झाले, "काकू, आज मी तोडली फुलं. अंधार होता. माझीच चूक झाली."

"अन् काल?" काकू घाबरून म्हणाल्या. "काल मी पाहिलंच नाही वो, तशीच वाहिली."

"काल बाबांनी तोडली होती. सगळी पांढरी होती. मी पाहिली ना."

मी पाहिली नव्हती. काकूंनी सुटकेचा श्वास सोडला आणि दोघी मिळून आम्ही सुपातली गुलाबी फुलं वेगळी केली. बाबा ओट्याच्या कडेला बसून राहिले. काकूंची लाखोली त्या आदल्या दिवशी मोडली होती की नाही हे मला कधीच कळलं नाही. प्रभाकरदादा पुढे धडधाकट परत आला, लग्न केलं, त्याला मुलं झाली, टक्कल पडलं, तेव्हा देवाने फार चिकित्सा केली नसावी.

घरी येताना मी वाफ्यापाशी थांबले आणि बाबांना विचारत सुटले. हे फूल कोणतं? ते कोणतं? पिवळं त्यांनी बरोबर सांगितलं, निळी गोकर्ण सांगितली. जांभळ्या तेरड्यालाही निळा म्हणाले. मग मी लाल जास्वंदीच्या झाडाकडे बोट दाखवून विचारलं, किती फुलं आहेत? ते झाड त्या दिवशी फुलांनी लालभडक झालं होतं. बाबा जवळ गेले, पानं हाताने बाजूला केली आणि एकेका फुलाला स्पर्श करत मोजू लागले, आंधळ्या माणसाने मोजावं तसे.

"लांबून नाही दिसत मला," ते पाठमोरेच म्हणाले. "लाल अन् हिरवं एकच दिसते. लहानपणापासून. रानात बोरं तोडायला गेलो की सगळी पोरं पिकली तोडायची अन् मी कच्ची. सगळे हसायचे. मग मी चव घेऊन तोडायला शिकलो."

"आईला ठाऊक आहे?"

"नाही. कोणालाच नाही." मग फांदी सोडून देत, "कामावरच्या रामसेवकला आहे."

आईला ठाऊक नव्हतं, असं बाबा शेवटपर्यंत समजत होते. मला आता तशी खात्री वाटत नाही. आई बाबांना एखादं काम सांगायची तेव्हा म्हणायची, "ती उजवीकडची, विहिरीच्या अंगाची, लालफुली आहे ना, तिची फांदी छाटा." रंगाबरोबर जागाही सांगायची. मला आणि माझ्या भावाला कधी जागा सांगत नसे. एवढं मात्र खरं की तिने ते कधी तोंडाने कबूल केलं नाही, आणि मीही तिला कधी खोदून विचारलं नाही. नवरा-बायकोंच्या काही गोष्टी मुलांनी उकरायच्या नसतात, हे शहाणपण मला फार उशिरा आलं, पण आलं.

त्या सकाळी मात्र माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी विचारलं, "बाबा, फॅक्टरीत पट्टे कोणत्या रंगाचे असतात?"

बाबा फॅक्टरीतलं काही बोलायचे नाहीत, बोलायची मनाईच होती. पण त्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनी हळू आवाजात सांगितलं. त्यांच्या सेक्शनला दोनच डबे असत. लाल पट्टा म्हणजे गोळ्यात खरी दारू भरलेली. हिरवा म्हणजे नुसता धूर करणारा गोळा. "तोफेवरचा माणूस काही आत उघडून पाहत नाही," ते म्हणाले. "पट्टा पाहतो अन् भरतो." फॅक्टरीत लागताना डॉक्टरने फक्त अक्षरं वाचायला लावली होती, रंगाचं कोणी विचारलं नाही. नंतर हात चांगला म्हणून साहेबांनी रंगाच्या कामावर घातलं. हे आपल्याला जमणार नाही असं तेव्हाच सांगायचं होतं, पण हुद्दा वाढत होता, आईला दिवस गेले होते, आणि पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना एखाद्या गोष्टीत हुशार म्हणत होतं. शेजारच्या चाकावर रामसेवक भैया होता. त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्याने ते पोटात ठेवलं. तेव्हापासून लाल डबा डावीकडे, हिरवा उजवीकडे, आणि बाबांचा प्रत्येक गोळा रामसेवक एक नजर टाकून पुढे सोडायचा. इतक्या वर्षांत एकही चुकला नाही.

"पण आता रामसेवक दुसऱ्या पाळीत गेला," बाबा म्हणाले. बारा तासांच्या पाळ्या झाल्या तेव्हा जोड्या फुटल्या होत्या. बाबा आता एकटेच होते, डाव्या-उजव्याच्या भरवशावर. आणि दहा दिवसांनी रंगाच्या सेक्शनमधल्या सगळ्यांची डोळ्यांची तपासणी होती, कारण नवीन माणसं भराभर घेतली जात होती. फोरमन साहेब रंगवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या एकेक करून दाखवणार आणि रंग विचारणार. पास झाला तो त्याच कामावर राहणार.

मला तेव्हा प्रभाकरदादा दिसत होता. मी त्याला तोफेपाशी कधी पाहिलं नव्हतं, पण डोळ्यांसमोर तोच येत होता. बाबांचा चुकीच्या पट्ट्याचा गोळा उचलून तो आत ढकलतो आहे, असं. आणि त्याच वेळी मला असंही वाटत होतं की बाबांचं हे काम जाता कामा नये. पगाराचं मला फारसं कळत नव्हतं. पण त्या हाताच्या कौतुकानंतर मिशीत हसणारा आमचा अबोल माणूस कुठे जाऊन पेट्या वाहील, हे मला सोसत नव्हतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे तेरा वर्षांच्या पोरीच्या लक्षात आलं नाही. तिला एकच उपाय सुचला. "मी शिकवते तुम्हाला," मी म्हणाले. बाबा हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

त्याच दिवशी दुपारी रामसेवक भैया आला, सदर बाजारातून खोव्याची जलेबी घेऊन. मोठ्ठा माणूस, आवाज त्याहून मोठ्ठा. बाबांनी मला सगळं सांगितलंय हे कळल्यावर त्याने आपली योजना मांडली. "वानखेडे जी, मैं उस दिन ड्यूटी बदलवा लूँगा. पीछे खड़ा रहूँगा. एक बार खाँसा तो लाल, दो बार खाँसा तो हरा. बस!" आणि त्याने तिथेच खोकून दाखवलं, दोनदा, इतक्या जोरात की जलेबीवरची माशी उडाली. मी हसून लोटपोट झाले. बाबाही हसले, पण म्हणाले, "नहीं भैया. बिटिया सिखा रही है." त्यांनी ते अशा काही आवाजात म्हटलं की रामसेवकने पुढे आग्रह केला नाही. मला मात्र त्या "बिटिया सिखा रही है"ने इतकं भरून आलं की मी उरलेली जलेबी दोघांच्या हातात कोंबली आणि वाफ्याकडे पळाले.

शिकवणी रोज सकाळी दुसऱ्या भोंग्याआधी आणि संध्याकाळी कंदील लावायच्या आत. मी पितळी परातीत फुलं मांडायची. पहिल्या दिवशी बाबांनी सगळीच्या सगळी बरोबर सांगितली आणि मी टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं की ते फूल बघून झाड ओळखतात आणि आईने झाडाला दिलेलं नाव घोकतात. कण्हेरीच्या फुलाच्या कडा, जास्वंदीचा तुरा, सगळं त्यांना आकारावरून कळत होतं. म्हणून मी नुसत्या पाकळ्या घ्यायला लागले, नखाएवढ्या तुकड्यांत तोडलेल्या, आणि त्यांत हिरव्या पानाच्या चकत्या मिसळल्या. आता बाबा अडखळू लागले. मी मास्तरीण होऊन ओरडायची, "नीट पाहा ना! लाल जरा काळपट दिसतो, हिरवा तसा नाही." ते परात तोंडाशी नेऊन, तिरकी करून, उन्हात धरून पाहायचे. कपाळावर घाम यायचा. बारा तास उभं राहून आलेला माणूस, चहासुद्धा न घेता परातीपुढे बसायचा आणि पहिलीतल्या मुलासारखा माझी बोलणी खायचा. मी पुढे कितीतरी मुलींना शिकवलं, पण एवढं मन लावून शिकणारं कोणी मला पुन्हा मिळालं नाही. आणि त्या वेळी मी त्यांच्यावर जशी ओरडले तशी कुणावर ओरडले नाही, याची आठवण झाली की अजून मान खाली जाते.

सातव्या-आठव्या दिवसापासून परातीतल्या दहाच्या दहा पाकळ्या बरोबर यायला लागल्या. पांढरी, गुलाबी, लाल, हिरवी, पिवळी, एकामागून एक, न थांबता. मला आभाळ ठेंगणं झालं. मी आईला पत्र लिहायला घेतलं आणि मग काय लिहू हे न कळून फाडून टाकलं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी शिरा करायचा बेत केला. रवा भाजता भाजता परातीकडे नजर गेली, आणि हातातलं उलथणं तसंच राहिलं. मी दर वेळी पाकळ्या एकाच क्रमाने मांडत होते. आईच्या वाफ्यांच्या क्रमाने. पांढरफुल्या, त्याच्या शेजारी गुलाबफुल्या, मग लालफुली, मग पान. दहा दिवस मी तीच परात मांडत होते आणि बाबा तीच परात पाठ करत होते, लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे, तसेच.

बाबा न्हाणीत हातपाय धूत होते. मी घाईघाईने पाकळ्या उलटसुलट केल्या. ते आले, मांडी घालून बसले, परात जवळ ओढली. पहिल्या पाकळीवर बोट ठेवून जरा थबकले. मग बोलायला लागले, नेहमीसारखं, एकामागून एक. पानाच्या चकतीला लाल म्हणाले. लालला हिरवं म्हणाले. गुलाबीला पांढरं, पांढऱ्याला गुलाबी, जांभळीला निळं. दहांपैकी दोन बरोबर आल्या. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मला फक्त दमलेला चेहरा दिसला, कानाजवळ राहिलेला साबण दिसला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"सगळ्या बरोबर."

"सगळ्या?"

"हाव. दहाही."

बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "चलो, मग वाढ शिरा." शिरा खाली लागला होता. त्यांनी दोनदा मागून घेतला.

सकाळी पहिल्या भोंग्यापासून मी डबा भरत होते आणि माझे हात चालत नव्हते. बाबांनी सायकल ओट्याखाली उतरवली, डबा कॅरिअरला बांधला, पँटला क्लिप लावली. शेवटच्या घरासमोर देशकर काकू सूप घेऊन बसल्या होत्या, आदल्या दिवशीच्या फुलांतून एकेक निवडत. मला त्यांच्याकडे बघवेना. बाबांनी पायडलवर पाय ठेवला तेव्हा मी धावत जाऊन हँडल धरलं.

"बाबा, काल दोनच बरोबर होत्या."

त्यांनी पाय खाली टेकला. रस्त्यावरून सायकली जात होत्या, कोणीतरी "चलो वानखेडे जी!" म्हणून ओरडलं. बाबांनी हात वर केला आणि माझ्याकडे वळले.

"कोणत्या?"

"पिवळी अन् निळी."

"अच्छा," बाबा म्हणाले. हँडलवरचा माझा हात त्यांनी हळूच सोडवला आणि निघून गेले.

तो दिवस कसा गेला ते मला सांगता यायचं नाही. शाळेत गेले नाही. दुपारी रेंजवर चाचणी सुरू झाली, ताटं वाजायला लागली, आणि मी आईसारखा हात वर नेऊन त्यांच्यावर ठेवला आणि रडत उभी राहिले. बाबा पास झाले तर प्रभाकरदादाचं काय, आणि नापास झाले तर बाबांचं काय, आणि दोन्हीतलं काय मागावं देवाकडे, हे मला कळत नव्हतं. शेवटी मी काहीच मागितलं नाही. ज्वारीचं पीठ मळलं आणि वाट बघत बसले.

बाबा संध्याकाळी आले ते सायकल हातात धरून, चालत. मी आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला नेहमी रंग असायचा, पेट्रोलने धुतला तरी राहायचा. आज नखांत धूळ होती आणि बोटांवर सुतळीचे वळ होते.

"तपासणी झाली?" मी विचारलं.

"मी दिलीच नाही. सुरू व्हायच्या आधीच साहेबांना जाऊन सांगितलं, की मला लाल-हिरवं कळत नाही." ते ओट्यावर बसले आणि बूट काढू लागले. "साहेबांनी आधी पाळीचं रजिस्टर मागवलं. मग माझ्या पाळीतले सगळे गोळे पुन्हा तपासायला लावले. दुपारपर्यंत चार माणसं बसली. एकही चुकलेला निघाला नाही." बाबा जरासे हसले. पण मिशीतलं ते नेहमीचं हसू नव्हतं. "साहेब म्हणाले, हात असा पुन्हा मिळणार नाही. पण गोदामात पाठवलं. पेट्या बांधायच्या. हुद्दा एक खाली."

मला रडू आलं. मी म्हणाले की माझीच चूक आहे, मी पाकळ्या तशाच मांडत राहिले, मी काल खोटं बोलले. बाबांनी मला शेजारी बसवलं. त्यांच्या हाताला गोदामातल्या लाकडाचा वास येत होता.

"ते काल मला कळलं होतं," ते म्हणाले.

"काय कळलं होतं?"

"तू पाकळ्या हलवल्या ते. पहिल्या पाकळीवर बोट ठेवलं तेव्हाच, पांढरीच्या जागी पिवळी होती. त्यानंतर मी अंदाजे ठोकून राहिलो होतो, पोरी. अंदाजे ठोकलं तर दहाच्या दहा कशा बरोबर येतील?"

"मग काल काहून नाही बोलले?"

बाबांनी बुटाची नाडी बोटाला गुंडाळली.

"तू बरोबर म्हणालीस ते मला पाहिजेच होतं," ते म्हणाले. "सकाळी तू हँडल धरलं नसतं ना शालू, तर मी गेलो असतो. डाव्या-उजव्याच्या हिशेबाने सांगून, जमलं असतं तर पास होऊन, पुन्हा त्याच चाकावर उभा राहिलो असतो." मग ते उठले, बूट भिंतीशी नीट लावून ठेवले आणि दारातून आत जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आई आली की तिला सांग सगळं. डोळ्यांचं सांग, गोदामाचं सांग. एवढं एक नको सांगू."

पंधरा दिवसांनी आई आली. बाकीचं सगळं मी तिला सांगितलं.